देहाचा धनी कोण? : ताराबाई शिंदे, रखमाबाई आणि स्वामित्वाचा प्रश्न

मराठी खेड्यापाड्यांतील जुन्या पिढीची बाई नवऱ्याचा उल्लेख ‘धनी’ किंवा ‘मालक’ असा करीत असे. काही ठिकाणी अजूनही करते. हे शब्द मुळात जमिनीचे, गुरांचे, दुकानाचे. संसाराच्या भाषेत ते इतके मुरले आहेत की त्यांचा मूळ अर्थ सहसा कानाला खटकत नाही. तो खटकावा असे दोन प्रसंग एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात महाराष्ट्रात घडले. एकाचे उत्तर बुलढाण्यातून लिहिले गेले, दुसरा मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला. या दोन्ही प्रसंगांच्या आधारे आम्हाला एका कल्पनेची तपासणी करावयाची आहे. ‘माझा देह माझ्या मालकीचा आहे’ हे विधान आज स्त्रीमुक्तीच्या, वैद्यकीय नीतीच्या आणि कायद्याच्या चर्चेत गृहीतासारखे वावरते. ते आपल्याला कुठवर नेते आणि कुठे सोडून देते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१

देऊळघाट हे बुलढाणा तालुक्यातील पैनगंगेच्या काठचे गाव. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, घाटावरच्या या पट्ट्यात बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे त्याच्या शेजारीच आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि पुढे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरची कचेरी झाली. त्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. ते सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्यांची मुलगी ताराबाई हिने १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती छापल्या गेल्या. किंमत नऊ आणे होती.

वाङ्मयेतिहासात हा निबंध ‘पहिला स्त्रीवादी ग्रंथ’ म्हणून नोंदला जातो आणि वर्गात बहुधा त्याच शिक्क्यानिशी शिकवला जातो. शिक्का खोटा नाही. पण त्यामुळे निबंध ज्या खटल्यातून जन्मला, त्याच्याकडे दुर्लक्ष होते. १८८१ साली सुरतेच्या सत्र न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा दिली. वैधव्यात झालेले मूल तिने जन्मताच मारले, असा तिच्यावरचा आरोप होता. पुढे फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि नंतर तीही शिक्षा कमी करण्यात आली. या निमित्ताने ‘पुणे वैभव’ या पत्राने एकंदर स्त्रीजातीच्या बदफैलीवर आणि नव्या वळणावर कोरडे ओढले. त्या लिखाणाला ताराबाईंनी दिलेले उत्तर म्हणजे ही ‘तुलना’.

येथे भूगोलाची एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. सुरत मुंबई इलाख्यात होते, ‘पुणे वैभव’ पुण्याचे. वऱ्हाड मात्र मुंबई इलाख्यात नव्हते. ताराबाई कोणत्याही सुधारक मंडळाच्या व्यासपीठावर नव्हत्या. आपण मराठमोळ्या घराच्या चौकटीत कोंडलेल्या आहोत, असे त्यांनी प्रस्तावनेत सूचित केले आहे. इतक्या दूर अंतरावरच्या एका परक्या विधवेच्या देहाचा निवाडा त्यांना स्वतःचा वाटला. याचे कारण निव्वळ सहानुभूतीत शोधणे पुरेसे नाही. विधवांच्या पुनर्विवाहाची बंदी तोवर ब्राह्मणांपुरती राहिली नव्हती. प्रतिष्ठेच्या ओढीने ती मराठा घराण्यांतही घट्ट होत गेली होती. सुरतेचा निकाल बुलढाण्यातल्या घरांनाही लागू पडत होता.

२

निबंधाच्या पूर्ण शीर्षकात एक शब्द आहे : ‘साहसी’. स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण, हे ताराबाईंना स्पष्ट करून दाखवावयाचे आहे. आजचा विद्यार्थी हा शब्द ‘धाडसी’ या अर्थाने वाचतो आणि गोंधळतो. धर्मशास्त्राच्या व्यवहारप्रकरणांत ‘साहस’ म्हणजे बळजोरीने, बेगुमानपणे केलेला अपराध. संस्कृत सुभाषितांनी साहस हा स्त्रीच्या उपजत दोषांपैकी एक मानला होता. म्हणजे शीर्षकातील प्रश्न शौर्याचा नाही. अपराधाकडे कोणाचा कल अधिक, हा तो प्रश्न आहे. सुरतेच्या न्यायालयात एकटी विजयालक्ष्मी उभी होती. ताराबाई तिच्या शेजारी दुसरा पिंजरा मांडतात आणि त्यात पुरुषाला उभे करतात.

यासाठी त्यांनी वापरलेली पद्धत म्हणजे तुलना. स्त्रीवर लादलेला प्रत्येक दोष त्या उचलतात आणि तोच दोष पुरुषाच्या अंगी किती, हे मोजतात. पती वारल्यावर बाईने केस उतरवावेत, अंधारात बसावे. तर पत्नी वारल्यावर पुरुषाने दाढीमिशा उतरवून रानात का जाऊ नये? सावित्री यमाच्या पाठीमागे गेली. बायकोचा जीव परत आणण्यासाठी यमाच्या दारी गेलेला नवरा कोणी ऐकला आहे का? हे प्रश्न उपहासाचे आहेत, पण उपहासाच्या तळाशी एक सुसंगत तत्त्व आहे. देह दोघांनाही आहे, वासना दोघांनाही आहे, दुःख दोघांनाही आहे. मग नियमाचा गज एकालाच का लावायचा?

आता हे पाहावे की या सगळ्या युक्तिवादात ताराबाई ‘माझा देह माझा आहे’ असे कुठेही सिद्धान्त म्हणून मांडत नाहीत. स्वामित्वाची भाषा त्यांची नाही. स्त्रीवर पुरुषाने गाजवलेल्या स्वामित्वाची त्या फोड करतात, आणि ते मोडल्यावर त्या जागी दुसरा मालक, मग ती बाई स्वतः का असेना, बसवण्याची घाई करीत नाहीत. त्यांची मागणी समान मापाची आहे. हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे कारण पुढे येईल.

स्वमालकीची कल्पना युरोपीय राजकीय विचारात सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकने ठसठशीतपणे मांडली. प्रत्येक माणसाची स्वतःच्या व्यक्तित्वावर मालकी असते आणि म्हणून त्याच्या श्रमाच्या फळावरही असते, असे तिचे सूत्र. राजाच्या आणि सरंजामदाराच्या विरोधात ती कल्पना मोलाची ठरली. पण जे मालकीचे आहे ते विकता येते, गहाण टाकता येते, भाड्याने देता येते. लॉकची स्वतःची गुंतवणूक गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होती, ही इतिहासातली नोंद या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. सत्यशोधकांनी हक्काचा पाया वेगळ्या जागी शोधला. जोतीराव फुले यांनी तरुणपणी टॉमस पेनचे मानवी हक्कांवरील लेखन वाचले होते. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त स्त्री आणि पुरुष दोघांनाही निर्मिकाने स्वतंत्र निर्माण केले, अशी त्यांची भूमिका आहे. येथे माणूस स्वतंत्र आहे तो स्वतःचा मालक आहे म्हणून नव्हे. दुसऱ्या कोणाला त्याचा मालक होण्याचा अधिकारच दिलेला नाही म्हणून. ताराबाईंच्या निबंधाला ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकातून फुल्यांनी १८८५ साली जो पाठिंबा दिला, तो या वैचारिक नात्यातून आला.

३

‘तुलना’ छापली गेल्यावर दोन वर्षांनी, १८८४ साली, मुंबईत दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई यांच्यावर दावा लावला. लग्न झाले तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. त्या माहेरी, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, वाचू-लिहू लागल्या आणि नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला. दाव्याचे नाव होते वैवाहिक हक्कांचे पुनःस्थापन. हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या धर्मपीठांच्या न्यायालयांतून भारतात आलेला होता, आणि इंग्लंडमध्ये १८८४ सालीच हुकूम न मानणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद काढून टाकण्यात आली होती. भारतात मात्र दिवाणी कायद्यानुसार कैद होऊ शकत होती.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही त्याचे पुनःस्थापन कसे व्हायचे, असा त्यांचा रोख होता. आणि एका तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध अशा पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांना अमानुष वाटले. १८८६ साली अपिलात तो निर्णय टिकला नाही. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना महिन्याभरात नवऱ्याकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिने कैद भोगण्याचा हुकूम केला. रखमाबाईंनी आपण कैद पत्करू असे कळवले. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि त्यांनी हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

या खटल्याकडे कायद्याचे अभ्यासक एका दृष्टीने पाहतात; आम्ही साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे वेगळी बाजू ठेवू इच्छितो. या प्रकरणात निर्णायक ठरला तो एक नकार. रखमाबाईंनी १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या सहीने पत्रे लिहिली, त्यांत बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांची सामाजिक मीमांसा आहे. न्यायालयात मात्र त्यांचे म्हणणे फार थोड्या शब्दांचे होते : ज्या लग्नाला आपण संमती दिली नाही त्याने आपण बांधल्या जात नाही. तेथेही मालकीचा दावा नाही. मी कोणाची आहे, या प्रश्नाला उत्तर देण्याचेच त्या नाकारतात. आणि तडजोडीची रक्कम पाहिली की या नकाराची धार अधिक कळते. दोन हजार रुपये देऊन जे सुटले त्याला व्यवहाराच्या भाषेत ‘सोडवून घेणे’ म्हणतात. गहाण पडलेली वस्तू सोडवतात तसे. नकार देणारीलाही शेवटी मालकीच्या बाजारातूनच बाहेर पडावे लागले.

४

यानंतरचा वाद संमतिवयाचा. १८८९ साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही सुमारे अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संभोगाने मरण पावली. तिचे वय दहापेक्षा अधिक असल्यामुळे तेव्हाच्या कायद्याने तो बलात्कार ठरत नव्हता. मार्च १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा झाला. त्याच महिन्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने जॅक्सन खटल्यात, पतीला पत्नीस डांबून ठेवण्याचा अधिकार नाही असे ठरवले. महाराष्ट्रात टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला, आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली, भांडारकरांनी शास्त्राधार तपासून सुधारणेस अनुकूल मत दिले.

या वादाचे तपशील सर्वपरिचित आहेत, म्हणून त्यांत रेंगाळण्याची गरज नाही. एकच गोष्ट नोंदवावीशी वाटते. दोन्ही पक्षांच्या बहुतेक लेखनात वय, शास्त्र, राष्ट्र, सरकार यांची चर्चा आहे; मुलीला स्वतःला काय वाटते, याची जागा रिकामी आहे. ‘संमतिवय’ हा शब्द मराठीत रुळला, पण त्यातील ‘संमती’ त्या काळी मुलीने देण्याची गोष्ट नव्हती. पालकांनी आणि राज्याने आपसांत ठरवलेली ती एक रेषा होती. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला, ही घटना त्या मानाने अधिक बोलकी आहे. येथे वस्तरा ज्याच्या हातात आहे त्यानेच, दुसऱ्याच्या देहावर तो चालवण्याचे नाकारले.

विवाहातील संमतीचा प्रश्न अजूनही मिटलेला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये पुनःस्थापनाचा उपाय राहिला. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने सरिता खटल्यात तो घटनाबाह्य ठरवला, १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात तो वैध ठरवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारा अपवाद कायम आहे. ‘धनी’ हा शब्द बोलीतून ओसरला तरी कायद्याच्या पोटात त्याची सावली आहे.

५

येथवर वाचकाला वाटेल की उपाय सोपा आहे : नवऱ्याची मालकी रद्द करावी आणि स्त्रीची स्वतःची मालकी प्रस्थापित करावी. ज्या विजयालक्ष्मीपासून ताराबाईंनी सुरुवात केली, तिचीच कहाणी या सोप्या उत्तराच्या आड येते. त्या खटल्यात देह एक नव्हता, दोन होते. जन्मलेले मूल आईच्या देहातून आले तरी ते तिच्या मालकीचे नव्हते. स्वमालकीचे तत्त्व विजयालक्ष्मीला वैधव्याच्या जाचातून सोडवू शकते. त्या मुलाविषयी त्याच्यापाशी बोलण्यासारखे काही नाही. ताराबाईंनी बालहत्येचे समर्थन केले नाही. त्यांनी विचारले ते इतकेच की या अपराधात वाटेकरी किती, आणि त्यांपैकी एकीलाच फास का?

या प्रश्नाचे कृतीतले उत्तर त्याआधी जवळजवळ वीस वर्षे पुण्यात दिले गेले होते. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेने असेच मूल मारल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यावर, १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल ठेवावयाचे की सोपवावयाचे ते त्यांनी ठरवावे, अशी ती व्यवस्था. मलबारींच्या टिपणांवर ४ डिसेंबर १८८४ रोजी दिलेल्या अभिप्रायात फुल्यांनी लिहिले आहे की तोवर पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती, बाकीची गर्भावस्थेत घेतलेल्या विषारी औषधांच्या परिणामाने दगावली. हा आकडा यशाचा नाही, आणि फुल्यांनी तो झाकलाही नाही. पण या घराच्या दारात आईचा हक्क आणि मुलाचा जीव हे एकमेकांचे वैरी राहत नाहीत. ते वैर समाजाने लादले होते. बाळंतपणाला जागा, दाई आणि गुप्तता मिळाली की ते पुष्कळ अंशी विरते. देहस्वातंत्र्याची मर्यादा दुसऱ्या देहापाशी येते, हे खरे. मात्र त्या मर्यादेचा सगळा भार एकट्या आईवर टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरी मर्यादा गरजेची. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. या व्यवसायात नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. कामावर न आलेला दिवस म्हणजे ‘खाडा’, आणि खाड्याला दंड. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही. अशा वेळी तिशीतली बाई कायमची कटकट नको म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा उठवते. कागदोपत्री संमती पूर्ण आहे. देह तिचा, निर्णय तिचा. स्वमालकीच्या तत्त्वानुसार येथे आक्षेपार्ह असे काहीच सापडत नाही, आणि हेच त्या तत्त्वाचे अपुरेपण आहे. मालकाला विकण्याची मुभा असते. भुकेला मालक पडेल त्या भावाने विकतो. ताराबाईंचा समान मापाचा प्रश्न मात्र येथे लागू पडतो : कारखान्याच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाला हंगामभर टिकण्यासाठी आपला एखादा अवयव काढून टाकावा लागतो का?

तिसरी मर्यादा मौनाची. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या जवळजवळ अचेत अवस्थेत राहिल्या. त्यांना मरण मिळावे यासाठी पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. त्यांच्या वतीने निर्णय घेण्याचा नैतिक अधिकार अनेक वर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. मालकाला बोलता येत नसेल तर मालकी कोणाकडे जाते, असा प्रश्न येथे विचारणेच विपरीत वाटते. परिचारिकांचा अधिकार मालकीतून आलेला नव्हता, सेवेतून आलेला होता. तरीही सावध राहावयास हवे. ‘तुझ्या भल्यासाठी’ हे सेवेचे वाक्य आहे, आणि नवऱ्याच्या, बापाच्या, राज्याच्या तोंडीही नेमके हेच वाक्य असते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. शुद्धीत असताना उच्चारलेला शब्द बेशुद्धीतही आपल्याबरोबर राहावा, यासाठी ही तरतूद उपयोगी आहे.

६

या तीन मर्यादांचा अर्थ असा नव्हे की देहावरील स्वाधीनता ही आयात केलेली किंवा अतिरेकी कल्पना आहे. असा निष्कर्ष काढणारे लोक बहुधा जुन्या धन्याला परत आणू पाहतात. आमचे म्हणणे उलट आहे. स्वाधीनता हवी, पण ‘मालकी’ या शब्दाने तिचे वर्णन केले की तिच्याबरोबर बाजारही आत येतो. मराठीत ‘स्वाधीन’ हा जुना शब्द आहे. स्वतःच्या अधीन असणे, दुसऱ्याच्या नसणे. गंमत अशी की हाच शब्द आपण ‘एखाद्याच्या स्वाधीन करणे’ असाही वापरतो, आणि न्यायालयाने रखमाबाईंच्या बाबतीत दादाजींना नेमके तेच देऊ केले होते. एकाच शब्दाच्या या दोन वापरांतील अंतर म्हणजेच १८८० च्या दशकातील तो झगडा.

‘तुलना’ प्रसिद्ध झाल्यावर ताराबाईंनी पुन्हा लेखन प्रकाशित केल्याचे आढळत नाही. निबंध विस्मृतीत गेला आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो पुन्हा प्रकाशात आणला. आज तो अभ्यासक्रमांत आहे. तो शिकवताना संतापाच्या गद्याचा नमुना म्हणून त्यातील शिव्याशापांकडे बोट दाखवले जाते. पतिव्रताधर्माविषयीची त्यातील द्विधाही दाखवली जाते, आणि ती दाखवलीच पाहिजे. पण त्याबरोबर सुरतेच्या निकालाचा आणि बालहत्या प्रतिबंधक गृहाच्या हकिकतीचा परिचय विद्यार्थ्यांना करून द्यावा, आणि फॅरन यांचा हुकूमही पुढे ठेवावा, असे आम्ही सुचवू. या चार गोष्टी शेजारी शेजारी वाचल्या की निबंधाचे खरे स्वरूप दिसते. तो एका आरोपीच्या बाजूने, वकिलाची सनद नसलेल्या बाईने, बुलढाण्यात बसून केलेला युक्तिवाद आहे. आणि त्यातला मुख्य प्रश्न, अपराधात वाटेकरी किती आणि शिक्षेत एकच का, याला अजून पूर्ण उत्तर मिळालेले नाही.